ऑक्झलेट आणि मुतखडा: ‘पौष्टिक’ खाण्याचा हिशेब कसा मांडायचा

मला पहिला मुतखडा झाला तेव्हा मी आयुष्यात सगळ्यात नेमानं खात होते. तळलेलं बंद, साखर बंद, दूधही बंद. सकाळी शंभर ग्रॅम कच्चा पालक, मूठभर बदाम आणि चमचाभर कोको मिक्सरमधून काढून मोठा पेला भरून घ्यायचे. वर व्हिटॅमिन सीची १००० मिलिग्रॅमची गोळी. आठ महिने हे न चुकता चाललं. मग एका पहाटे पाठीत डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली कळ सुरू झाली आणि बघता बघता जांघेपर्यंत उतरली. बसवत नव्हतं, पडवतही नव्हतं. ज्यांनी ती कळ सोसली आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

पुढच्या वर्षभरात माझ्या तीन चुका झाल्या. पडलेला खडा मी फेकून दिला. मग इंटरनेटवर सापडलेली एक लांबलचक यादी घेऊन निम्म्या भाज्या आणि सगळी कडधान्यं बंद केली. आणि ‘खड्यात कॅल्शियम असतं’ असं कुणीतरी सांगितलं म्हणून उरलंसुरलं कॅल्शियमही तोडलं. त्यानंतर वर्षाच्या आतच दुसरा खडा झाला. माझा पहिला खडा पडला त्या दिवशी मला कुणी नीट क्रमानं सांगायला हवं होतं, तेच इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. गोळ्या सुरू किंवा बंद करायचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

## आधी एवढं समजून घ्या

ऑक्झॅलिक आम्ल अनेक वनस्पती स्वतःच तयार करतात, आणि त्याचे क्षार म्हणजे ऑक्झलेट. आंबुशीचं पान चावलं की जी झणझणीत आंबट चव लागते ती याचीच, आणि आंबुशीच्या ऑक्झॅलिस या शास्त्रीय नावावरूनच आम्लाला नाव मिळालं. पालक खाल्ल्यावर दातांवरून जीभ फिरवून बघा. खडूचा हात फिरल्यासारखा कोरडा थर लागतो. पालकातलं ऑक्झलेट आणि कॅल्शियम यांचे बारीक स्फटिक दातांवर बसतात, म्हणून तसं होतं. कच्च्या अळूनं घसा खाजतो तोही कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे.

ऑक्झलेट आणि कॅल्शियम एकमेकांना भेटले की घट्ट बांधले जातात आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. सगळा प्रश्न त्यांची गाठ कुठे पडते याचा आहे. आतड्यात पडली तर ते जोडीनं शौचावाटे निघून जातात आणि तुम्हाला कळतही नाही. आतड्यात ऑक्झलेटला कॅल्शियम भेटलंच नाही, तर ते रक्तात शोषलं जातं, किडनीवाटे लघवीत उतरतं, आणि तिथे त्याची कॅल्शियमशी गाठ पडते. मग स्फटिक, आणि स्फटिकाचा खडा. या लेखातली जवळपास प्रत्येक सूचना ही गाठ आतड्यातच पडावी यासाठी आहे.

लघवीतलं सगळं ऑक्झलेट खाण्यातून येत नाही. बराच भाग आपलं यकृतच तयार करतं. त्यामुळे आहार बदलून ते शून्यावर येणार नाही, आणि आणायचा प्रयत्नही करू नका. मुतखड्यांपैकी साधारण चारांत तीन कॅल्शियमचे असतात आणि त्यातले बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे. उरलेले युरिक आम्लाचे, जंतुसंसर्गातून होणारे किंवा क्वचित सिस्टीनचे. त्यांचे उपाय वेगळे आहेत. म्हणूनच खड्याची जात माहीत नसताना पालक सोडण्यात अर्थ नाही.

## पायरी १: तुम्ही कोणत्या गटात बसता ते ठरवा

किडन्या ठणठणीत आहेत, कधी खडा झालेला नाही, घरात कुणाला नाही, आणि पालक आठवड्यातून दोनदा जेवणात असतो? मग तुम्ही निवांत राहा. तुम्ही रोज मिक्सरमधून हिरवं काढून पीत असाल, तर मात्र पायरी ४ जरूर वाचा.

खडा होऊन गेला असेल तर पूर्ण लेख तुमच्यासाठी आहे. एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढच्या दहा वर्षांत पुन्हा होतो.

तिसरा गट सगळ्यात जपण्यासारखा आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपण त्यात आहोत हे ठाऊकच नसतं:

- वजन कमी करण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेले
- क्रोन्ससारखा आतड्याचा दीर्घ आजार असलेले, किंवा आतड्याचा मोठा भाग काढून टाकलेले
- स्वादुपिंडाचा जुना आजार असलेले
- चरबीचं शोषण रोखणारं ऑर्लिस्टॅट हे औषध घेणारे
- किडनी आधीच कमजोर असलेले
- नुकतीच प्रतिजैविकांची लांबलचक मात्रा घेतलेले

पहिल्या चौघांमागचं कारण एकच. चरबी नीट पचली नाही की ती आतड्यातल्या कॅल्शियमला धरून बसते. ऑक्झलेटला जोडीदार उरत नाही, आणि ते मोकळं रक्तात जातं. प्रतिजैविकांचं कारण निराळं आहे. आपल्या आतड्यात ऑक्झलोबॅक्टर फॉर्मिजेनेस नावाचा जिवाणू असू शकतो, आणि त्याचं अन्नच ऑक्झलेट आहे. औषधांनी तो मेला की ऑक्झलेट खाणारं कुणी राहत नाही.

या गटाला धोका फक्त खड्याचा नसतो. लघवीत ऑक्झलेट फार वाढलं तर स्फटिक किडनीच्या बारीक नळ्यांतच साचतात, तिथे सूज येते आणि किडनी मंदावत जाते. खड्याची कळ निदान ओरडून सांगते तरी. हे नुकसान मुकाट्यानं होतं, आणि कळतं ते रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, वाढल्यावर. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीतल्या ६५ वर्षांच्या बाईंची किडनी आधी व्यवस्थित होती. पूर्वी जठराची बायपास झालेली, नुकतीच लांबलचक प्रतिजैविकं घेतलेली, आणि त्यावर त्यांनी शरीर ‘शुद्ध’ करायला हिरव्या स्मूदीचा सपाटा लावला. त्यांच्या किडन्या कायमच्या निकामी झाल्या. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या ५६ वर्षांच्या एका गृहस्थांची हकिगत आली होती. ते रोज बर्फाच्या चहाचे सोळा ग्लास, म्हणजे जवळपास पावणेचार लिटर चहा पीत होते. त्यातून रोज १५०० मिलिग्रॅमहून जास्त ऑक्झलेट पोटात जात होतं, आणि त्यांना डायलिसिसवर जावं लागलं. अशी उदाहरणं विरळा आहेत, हे खरं. पण दोन्हीकडे खाल्लं-प्यायलेलं काहीही ‘वाईट’ नव्हतं. ते रोज आणि अतोनात होतं.

तुम्ही तिसऱ्या गटात असाल, तर घरच्या घरी प्रयोग न करता पहिल्यांदा किडनीच्या डॉक्टरांना भेटा. तसंच लहानपणीच खडे होऊ लागले असतील किंवा घरात अनेकांना असतील, तर प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया या आनुवंशिक आजाराची शंका डॉक्टरांपुढे बोलून दाखवा. त्यात यकृतच प्रमाणाबाहेर ऑक्झलेट बनवतं, आणि आहार बदलून ते आवरत नाही.

## पायरी २: खडा पडला तर तो जपून ठेवा

पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. त्या दिवसांत प्रत्येक वेळी लघवी गाळून घ्यायची. बारीक जाळीची चहाची गाळणी त्यासाठी वेगळी ठेवा, किंवा औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी गाळणी वापरा. कंटाळा येतो, संकोचही वाटतो, तरी करा.

माझा दुसरा खडा मला असाच मिळाला. मोहरीच्या दाण्याहून लहान, तपकिरी. भिंगाखाली धरला तेव्हा त्याची टोकं दिसली, एखाद्या काटेरी फळासारखी. एवढ्याशा कणानं इतकं लोळवलं यावर विश्वास बसेना. कोरड्या, स्वच्छ डबीत ठेवून तो प्रयोगशाळेत दिला. खडा पाण्यात किंवा सॅनिटायझरमध्ये ठेवू नका, कापसात गुंडाळू नका. तपासणी सांगताना ‘खड्याचं रासायनिक विश्लेषण, इन्फ्रारेड पद्धतीनं’ असं स्पष्ट सांगा. अहवालात कॅल्शियम ऑक्झलेटचे मोनोहायड्रेट आणि डायहायड्रेट असे प्रकार दिसतील. युरिक आम्ल दिसलं, तर या लेखाचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. डॉक्टर निराळी दिशा देतील.

## पायरी ३: चोवीस तासांची लघवी तपासून घ्या

ही चाचणी कुणाला आवडत नाही, पण अंदाजाचा खेळ हिच्यामुळेच संपतो. लघवीचं एकूण प्रमाण, ऑक्झलेट, कॅल्शियम, सायट्रेट, युरिक आम्ल, सोडियम, पीएच आणि क्रिएटिनिन एवढं सगळं त्यात असेल असं बघा. साध्या लघवी तपासणीत हे कळत नाही. खडा पडल्यावर लगेच नको, महिना-दीड महिना जाऊ द्या.

पद्धत अशी: पहिल्या दिवशी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरचा प्रत्येक थेंब डब्यात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उठल्यावरची पहिली लघवी डब्यात घातली की झालं.

इथे चार ठिकाणी पाय घसरतो:

- ऑक्झलेटच्या चाचणीसाठीच्या डब्यात बहुधा आधीच थोडं आम्ल घातलेलं असतं. ते पाणी समजून ओतू नका, हाताला लागू देऊ नका. वेगळ्या मगमध्ये लघवी घेऊन मग हलकेच डब्यात ओता.
- त्या दिवशी ‘चांगलं’ वागू नका. मी चाचणीच्या दिवशी तीन लिटर पाणी प्यायले आणि पालक टाळला. अहवाल सुंदर आला आणि निरुपयोगी ठरला. रोजचंच खा, रोजचंच प्या.
- एखादी वेळ चुकली तर लपवू नका. क्रिएटिनिनच्या आकड्यावरून डॉक्टरांना ते कळतंच. सरळ पुन्हा करा.
- एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका. शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या दिवसांची लघवी तपासा, म्हणजे सुट्टीचा दिवस आणि कामाचा दिवस दोन्ही येतात.

लघवीतलं ऑक्झलेट दिवसाला ४० ते ४५ मिलिग्रॅमच्या आत असावं. माझं, दुसऱ्यांदा खरीखुरी चाचणी केली तेव्हा, ६१ निघालं. आणि एकूण लघवी जेमतेम १.१ लिटर. दुसरा आकडा पहिल्याइतकाच वाईट आहे हे मला तेव्हा समजलं नव्हतं.

## पायरी ४: आठवडाभर लिहा, मग मोठे मासे शोधा

वहीत सात दिवस सगळं लिहून काढा, पेयं आणि गोळ्यांसकट. अंदाजे ग्रॅममध्ये लिहिता आलं तर उत्तम. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा इथे कामी येतो, कारण ‘मूठभर’ या शब्दावर भरवसा ठेवता येत नाही. माझी मूठ वजनात चाळीस बदामांची निघाली.

साधारण मिश्र आहारातून दिवसाला १०० ते ३०० मिलिग्रॅम ऑक्झलेट पोटात जातं. आता हे आकडे बघा. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ६०० ते १००० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. २८ ग्रॅम, म्हणजे वीस-बावीस बदामांत सुमारे १२०. मध्यम आकाराच्या सालीसकट भाजलेल्या बटाट्यात शंभराच्या जवळपास. अर्धी वाटी बिटात ७० ते ८०. म्हणजे माझ्या सकाळच्या एका पेल्यातच दोन-तीन दिवसांचा कोटा संपत होता, तोही उपाशीपोटी, कॅल्शियमचा कण नसताना. शंभर ग्रॅम पालक चावून खायचा म्हटलं तर हात थांबतो. मिक्सर थांबत नाही.

पालक बाकी सगळ्यांच्या कितीतरी पुढे आहे. त्याच्या रांगेत राजगिऱ्याची पानं, घोळ, स्विस चार्ड आणि रुबार्ब. त्यानंतर बदाम आणि बदामाचं पीठ, काजू, बीट, बीटाची पानं, कोको आणि डार्क चॉकलेट, रताळं, सालीसकट बटाटा, भेंडी, गव्हाचा कोंडा, सोयाबीन, आणि ग्लासच्या ग्लास रिचवला तर काळा चहा. कमरख हे फळ वेगळं काढून ठेवा. त्यात ऑक्झलेट भरपूर आहेच, शिवाय किडनी कमजोर असलेल्यांच्या मेंदूवर परिणाम करणारं कॅरम्बॉक्सिन नावाचं विषही आहे. त्यांनी त्याची फोडही तोंडात घालू नये.

याद्यांबद्दल एक सूचना. दोन याद्यांत एकाच भाजीचे आकडे दुप्पट-तिप्पट वेगळे दिसतील. वाण, माती, पानाचं वय, मोजण्याची पद्धत, सगळ्यानं फरक पडतो. दशांशापर्यंत बेरजा करत बसू नका. तुमच्या वहीत जे तीन-चार पदार्थ रोज येतात आणि वरच्या रांगेतले आहेत, तेच तुमचे मोठे मासे.

टोमॅटोबद्दल इथेच सांगते, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. टोमॅटोत ऑक्झलेट अगदी कमी असतं आणि त्याच्या बियांचा खडा होत नाही. टोमॅटो खा.

## पायरी ५: मोठे मासे सोडा, बाकी ताट भरलेलं ठेवा

पालकाच्या जागी कोबी, फ्लॉवर, लेट्यूस, केल, मटार, काकडी, मशरूम. बदामांच्या जागी पिस्ते किंवा भोपळ्याच्या बिया. बटाटा सोलून, तुकडे करून, भरपूर पाण्यात उकडून. कॉफीला फारशी भीती नाही, आणि दूध घातलेला एखाद-दोन कप चहा बहुतेकांना चालतो.

सगळं एकदम बंद करण्याची जी चूक मी केली, तिनं काय झालं ते सांगते. भाज्या आणि फळं कमी झाल्यानं लघवीतलं सायट्रेट घटलं. सायट्रेट हे कॅल्शियमला धरून ठेवतं, स्फटिक जमू देत नाही. म्हणजे मी एका हातानं धोका कमी करत होते आणि दुसऱ्या हातानं वाढवत होते. शिवाय पोट बिघडलं, जेवणाची इच्छा गेली. वरच्या तीन-चार पदार्थांना आवर घातला की बहुतेकांचं काम होतं. ज्यांना डॉक्टरांनी काटेकोर कमी ऑक्झलेटचा आहार दिला आहे त्यांची मर्यादा बहुधा दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या आत असते. तो आहार आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करा.

रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेत असाल, तर हिरव्या भाज्या एका दिवसात तोडू नका. त्यातल्या व्हिटॅमिन केचा त्या औषधाशी थेट संबंध असतो, आणि खाणं अचानक बदललं की औषधाची मात्रा बिघडते. डॉक्टरांना आधी सांगा.

मुलांच्या बाबतीत बदामाच्या दुधाकडे लक्ष ठेवा. गाईचं दूध पूर्ण बंद करून रोज पेलेच्या पेले बदामाचं दूध दिल्यानं लघवीत ऑक्झलेट वाढलेल्या मुलांच्या नोंदी आहेत.

## पायरी ६: कॅल्शियम तोडू नका, जेवणात आणा

पूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

खड्यात कॅल्शियम असतं, म्हणून कॅल्शियम कमी करा, हा सल्ला कानाला बरोबर वाटतो. पूर्वी डॉक्टरही तो देत. पण १९९३ साली ४५,६१९ पुरुषांचा चार वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि ज्यांच्या आहारात कॅल्शियम जास्त होतं त्यांनाच खडे कमी झालेले दिसले. मग २००२ साली इटलीतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांचे दोन गट केले होते. एका गटाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅल्शियमचा आहार दिला, दुसऱ्याला १२०० मिलिग्रॅमचा, पण मीठ आणि मांस कमी करून. पाच वर्षांत कमी कॅल्शियमवाल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटातल्या ६० पैकी १२ जणांना.

आतड्यात कॅल्शियम हजर असलं की ऑक्झलेटची गाठ तिथेच पडते. ते तोडलं की ऑक्झलेट मोकळं सुटतं. माझ्या दुसऱ्या खड्याचं कारण बहुधा हेच होतं. पालक तोपर्यंत सुटला होता, बदाम सुटले नव्हते, आणि दूध-दही शून्य.

करायचं काय: प्रौढांनी दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम अन्नातून घ्यायचं, आणि ते जेवणांमध्ये वाटून. कपभर दूध किंवा दही यातून साधारण ३०० मिलिग्रॅम मिळतं. बीट खाणार असाल त्याच ताटात दही हवं. रात्री झोपताना एकटं दूध प्यायलं, तर दुपारच्या बिटाला त्याचा काही उपयोग नाही, कारण तोवर गाडी सुटलेली असते. दूध चालत नसेल तर कॅल्शियम मिसळलेलं वनस्पतिजन्य दूध किंवा कॅल्शियम घालून घट्ट केलेला टोफू. गोळ्याच घ्याव्या लागल्या, तर कोणत्या आणि किती ते डॉक्टरांना विचारा, आणि त्या जेवणासोबत घ्या. उपाशीपोटी घेतलेली कॅल्शियमची गोळी ऑक्झलेटला भेटत नाही, उलट लघवीतलं कॅल्शियम वाढवते.

पालकातून कॅल्शियम मिळेल या भरवशावर मात्र राहू नका. आकड्यात ते भरपूर दिसतं, पण ते ऑक्झलेटशी बांधलेलं असतं. १९८८ सालच्या मापनात दुधातलं २७ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम शोषलं गेलं, पालकातलं जेमतेम ५ टक्के. दूध सोडून पालकावर भिस्त ठेवणाऱ्यांच्या हाडांना याची झळ बसते. पालकाचं हे नुकसान सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

## पायरी ७: उकळा आणि पाणी ओतून द्या

ऑक्झलेटचे दोन प्रकार असतात. सोडियम-पोटॅशियमसोबतचं विरघळणारं, आणि कॅल्शियमसोबतचं न विरघळणारं. त्रास देतं ते मुख्यतः विरघळणारं, आणि तेच उकळत्या पाण्यात उतरतं. २००५ सालच्या एका अभ्यासात भाज्या उकळल्यावर विरघळणारं ऑक्झलेट ३० ते ८७ टक्क्यांनी घटलं, वाफवल्यावर ५ ते ५३ टक्क्यांनी. भाजल्यानं काहीच फरक पडला नाही.

म्हणून पालक खायचाच असेल, तर पानं चिरून मोठ्या भांड्यात, भरपूर उकळत्या पाण्यात टाका, काही मिनिटं उकळू द्या, निथळा, आणि तळहातात धरून दाबून पिळा. भांड्यात हिरवट, तुरट वासाचं पाणी उरतं. ते सूपात किंवा पिठात वापरायचा मोह होतो, कारण जीवनसत्त्वं वाया जातात असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. पालकाच्या बाबतीत ते पाणी ओतून द्या. मग सोबत दही किंवा चीज. अशा तऱ्हेनं महिन्यातून एकदा मी आजही पालक खाते.

## पायरी ८: पाणी, लिंबू, मीठ

लक्ष्य पाण्याचं ठेवू नका, लघवीचं ठेवा: दिवसाला अडीच लिटर. त्यासाठी किती प्यावं लागेल ते हवामान, घाम आणि काम यांवर अवलंबून असतं, साधारण तीन लिटर किंवा जास्त. एखाद्या सुट्टीच्या दिवशी मापाच्या मगमध्ये मोजून बघा, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळतं. लघवी दिवसभर फिक्कट राहिली पाहिजे. रात्र हा कोरडा काळ असतो, म्हणून झोपण्यापूर्वी एक पेला पाणी, आणि रात्री उठावं लागलं तर तेव्हा थोडं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, तर पाण्याची मर्यादा डॉक्टर ठरवतील, मी सांगितलेली नव्हे.

लिंबाचा रस पाण्यात पिळून घेतला तर सायट्रेट मिळतं. साखर घालू नका. मीठ कमी करा, कारण जास्त सोडियम किडनीतून बाहेर पडताना कॅल्शियमला सोबत घेऊन जातं. मांसाहार फार असेल तर तोही थोडा आवरा. त्यानं सायट्रेट घटतं आणि युरिक आम्ल वाढतं.

## पायरी ९: गोळ्या-पावडरींचं कपाट उघडा

लोक ताट तपासतात आणि कपाट विसरतात. जास्तीच्या व्हिटॅमिन सीचं शरीरात ऑक्झलेट होतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या पुरुषांच्या अभ्यासात व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेणाऱ्यांत खड्याचं प्रमाण साधारण दुप्पट आढळलं. फळांतून मिळणाऱ्या व्हिटॅमिन सीला घाबरायचं कारण नाही. प्रश्न ५००-१००० मिलिग्रॅमच्या रोजच्या गोळ्यांचा आहे.

हळदीच्या कॅप्सूलही तपासा. चिमूटभर हळदीनं काही होत नाही, पण हळदीतलं ऑक्झलेट बहुतांश विरघळणारं असतं आणि रोजच्या मोठ्या मात्रेनं ते लघवीत वाढतं. जिलेटिन आणि कोलॅजनच्या पावडरीत हायड्रॉक्सिप्रोलिन असतं, त्यापासूनही शरीर ऑक्झलेट बनवतं. आणि ‘हिरव्या पावडरी’च्या डब्यावर पालक पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर लिहिलेला आहे का, ते वाचा.

याच वाटेवर तुम्हाला सांधेदुखी, थकवा, पुरळ अशा प्रत्येक तक्रारीचं खापर ऑक्झलेटवर फोडणारे भेटतील, आणि ऑक्झलेटचे पदार्थ सोडल्यावर त्रास वाढला तर ‘शरीर ऑक्झलेट बाहेर टाकतंय’ असं सांगतील. त्याला भक्कम पुरावा नाही. असा त्रास होत असेल तर खऱ्या कारणाचा तपास करा. या समजापायी दुसऱ्या आजाराचं निदान लांबलं तर फार वाईट वाटेल.

## काय काय हाताशी हवं

डॉक्टरांकडे जाताना: सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनचे जुने-नवे अहवाल, रक्तातलं क्रिएटिनिन आणि कॅल्शियम, खड्याचं विश्लेषण, चोवीस तासांच्या लघवीचा अहवाल, सगळ्या गोळ्या-पावडरींची मात्रेसकट यादी (पाकिटांचे फोटो काढून नेले तरी चालतं), पूर्वीच्या शस्त्रक्रियांची माहिती, घरात कुणाला खडे झाले त्याची नोंद, आणि ती सात दिवसांची वही.

घरात: वजनकाटा, मापाचा मग, वेगळी ठेवलेली गाळणी, कोरडी झाकणाची डबी.

## कधी वाट बघायची नाही

कळीबरोबर ताप किंवा थंडी वाजली, लघवी बंद झाली, उलट्यांमुळे पाणीही टिकेना, किंवा तुम्हाला एकच किडनी आहे, तर थेट रुग्णालय. अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. लघवी लाल दिसली तरी दाखवा. आदल्या दिवशी बीट खाल्लं असेल तर काहींची लघवी नुसती त्यानंच लाल होते, तेवढं डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

## पायरी १०: पुन्हा मोजा

बदल सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी चोवीस तासांची चाचणी पुन्हा करा, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, बहुधा वर्षातून एकदा. माझं ऑक्झलेट तीन महिन्यांत ६१ वरून ३४ वर आलं आणि लघवी २.४ लिटरवर. सायट्रेट अजून कमी होतं, त्यासाठी डॉक्टरांनी औषध दिलं. नुसत्या खाण्यानं ते भरून निघालं नसतं आणि चाचणी केली नसती तर कळलंही नसतं.

नवा डबा घरी आणला की झाकणावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा: ‘पहिल्या सकाळची पहिली टाकायची. दुसऱ्या सकाळची पहिली घालायची.’ झोपेतून उठल्यावर हेच नेमकं उलटं होतं.